आतून लावायचे पोटीस

देवास,
मार्गशीर्ष शुद्ध ६, शके १८३०

राजमान्य राजेश्री शरच्चंद्रपंत साडूबुवा, मुक्काम धार, यांस चिंतामणीचा ताठ मानेने नमस्कार. (साष्टांग घातला असता, परंतु सध्या कुणापुढेही वाकायचे नाही असे ठरवले आहे, आणि एकाला सवलत दिली की कंबर सोकावते.) तुमचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध धरावे. दुर्गाताईंचे गुडघे या थंडीत कुरकुरत असतील, त्यांना एरंडेल चोळायला सांगावे. इकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे मला मेहमानखान्याच्या कामावरून दूर केले आहे, आळीने आमच्या ओट्याकडे पाठ फिरवली आहे, आणि सौ. सुमंगलेचा उजवा हात खांद्यापासून वर होत नाही. बाकी आनंद.

धारेस बातमी नेहमी आमच्या आधी पोचते, तेव्हा तुमच्या कानी काय काय आले असेल याचा अंदाज आहे. चिंतूने एका गोऱ्या माणसाला विष घातले, असे एक. त्याला दगड खाऊ घातला, असे दुसरे. त्याची मुंज लावून जोशी आडनाव दिले, असे तिसरे. पहिले साफ खोटे आहे. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे. तिसऱ्याचा खुलासा आधी करतो, म्हणजे पुढचे कळेल. नव्या दिवाणखान्याला संगमरवरी फरशी बसवायची म्हणून सरकारांनी इटली नावाच्या मुलखातून एक कारागीर आणवला. त्याचे नाव जुसेप्पे. आमच्या पाथरवटांच्या जिभेवर ते दोन दिवसही टिकले नाही. त्यांनी त्याचा 'जोशी भिया' करून टाकला आणि तोही त्या हाकेला ओ देऊ लागला. झाली ती मुंज एवढीच.

आता हा मनुष्य गोरा, म्हणून साहेब, असे आमच्या मेहमानखान्याचे प्रमुख भैयासाहेब यांनी पहिल्याच दिवशी ठरवले. भैयासाहेब तुम्ही पाहिलेले नाहीत, हे तुमचे सुकृत. त्यांच्याजवळ युरोपियन पाहुण्यांची बरदास्त कशी ठेवावी याचे एक इंग्रजी पुस्तक आहे, आणि ते त्याला नुसते 'पुस्तक' म्हणतात, जसे आपण वेद म्हणतो. पुस्तकाप्रमाणे जोशाला मेज मिळाले, खुर्ची मिळाली, चार प्रकारचे चमचे मिळाले, आणि जेवणापूर्वी वाजवायला एक घंटा मिळाली. त्याने ती घंटा शेजारच्या वासराच्या गळ्यात बांधली. दुपारी तो लिंबाखाली पाथरवटांत मांडी घालून बसे आणि त्यांच्याकडून बोली शिके. अहो, इंग्रजीचे अक्षर नाही, पण सकाळी मला पाहिले की म्हणे, "कई हाल हे, भिया?" तळहाताला घट्टे, नखांत संगमरवराची भुकटी. साहेब कुठला, गवंडी होता तो. हे मी भैयासाहेबांना सांगितले, तर म्हणाले, "पंत, कातडी बघा, घट्टे बघू नका."

आश्विनात त्याला हिवताप आला. ताप गेला, पण अन्नावरची वासना घेऊन गेला. पुस्तकात आजारी साहेबासाठी मटणाचे सूप, भाजलेला पाव आणि एक थरथरणारा लाल पदार्थ सांगितला आहे (तो पदार्थ मी जवळून पाहिला, मलाच हुडहुडी भरली). तिन्ही गोष्टी त्याच्यासमोर जात आणि तशाच परत येत. जोशी भिंतीकडे तोंड करून पडे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, मला बाहेर घेऊन म्हणाले, "रोग गेलाय हो, माणूस मागोमाग चाललाय. काहीही खाऊ दे, पण खाऊ दे." साडूबुवा, त्या दिवसापर्यंत मी त्याला फक्त 'पाहुणा, एक' असे समजत होतो. त्या दिवशी पाहिले, तर त्याने उशाला एक विटेएवढा संगमरवर ठेवला होता, आणि त्यावर बोटाने काही तरी लिही, पुशी, लिही. आपल्या गावाचे नाव असावे. मला ते बघवेना.

अशात एका संध्याकाळी तो अंथरुणात उठून बसला आणि ओरडू लागला, "रिसोत्तो! रिसोत्तो!" भैयासाहेब धावत आले. त्यांनी पुस्तक चाळले, त्यात हा शब्द नव्हता. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "रिसाला! रिसाला मागतोय तो. एकट्या गोऱ्या माणसाला परक्या मुलखात भय वाटणारच. बोलवा मानाजींना!" मी म्हटले, "अहो, माणूस उपाशी आहे, त्याला घोडदळ काय करायचे?" पण हुकूम तो हुकूम. रिसालदार मानाजी आठ स्वार घेऊन आले, भाले उभे, घोडे खिंकाळताहेत, आणि स्वतः मानाजी तलवार उपसून खोलीत शिरले व त्यांनी खाड्‌कन सलामी ठोकली. जोशाने पांघरूण डोक्यावरून ओढले आणि आतून त्याच्या देवाचा धावा सुरू केला. मानाजी फार दुखावले. तेव्हापासून ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत. जणू बोलावणे मीच पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून तसाच समाचाराला गेलो. कपाळावर गंध, गंधावर अक्षता. मी वाकून "कई हाल हे?" म्हणतो न म्हणतो तो त्या मरतुकड्याने हात लांब केला, माझ्या कपाळावरचा एक तांदूळ चिमटीत उचलला, आणि डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "रीसो." मग पुन्हा, हळू, लहान मुलाला शिकवावे तसे, "रीसो. रिसोत्तो." मी म्हटले, "तांदूळ? भात?" तो म्हणाला, "भात, भिया, भात!" आणि साडूबुवा, तो रडला. मीही डोळे पुसले (गंध डोळ्यांत गेले होते).

भैयासाहेबांना सांगितले. ते लाल झाले. "भात? युरोपियनाला भात? उद्या छावणीतले साहेब विचारतील, आमच्या माणसाला काय घातलेत, तर काय सांगू, मऊ भात? मेहमानखान्याच्या मुदपाकात भाताचा दाणा शिजणार नाही." मी म्हटले, "ठीक. माझ्या घरी शिजेल." हे वाक्य मी मोठ्याने म्हटले. त्यांच्या तोंडावर म्हटले. असे तीस वर्षांत कुणाला म्हटले नव्हते, आणि म्हटल्यावर इतके बरे वाटले की घरी येईपर्यंत तीन वेळा स्वतःशी पुन्हा म्हणालो.

पहिल्या खेपेस चूक झाली, पण ती सद्‌बुद्धीने झाली. जोशाने आपल्या पेटीतून केशराची पुडी काढून माझ्या हातात दिली होती. आता भात आणि केशर म्हटल्यावर तुम्ही काय समजाल? मी केशरीभात केला. साखर, लवंगा, बेदाणे, वर तुपाची धार (सौ. हाताशी होती). त्याने एक घास घेतला, वाटी खाली ठेवली, आणि इतक्या सभ्यपणे, इतक्या हताश आवाजात म्हणाला, "नी चइये, भिया," की त्यापेक्षा त्याने वाटी फेकून मारली असती तर सोसले असते. मग बिचाऱ्याने अंथरुणावर बसूनच सगळी कृती नकलेने करून दाखवली. उशीचे पातेले केले, चपलेची पळी केली. मी ती नक्कल मनात घोकत घरी आलो आणि परसात सौ.पुढे जशीच्या तशी करून दाखवली. आधी खाली बघून हात भराभर चालवले, मग डोळे पुसले. मी म्हटले, "इथे त्याला आई आठवली." सौ. म्हणाली, "आई कसली, कांदा चिरतोय तो." मग मी तांदूळ मुठीत घेऊन पाण्यात धुण्याचा आव आणला आणि जोरजोराने मान हलवली. सौ. म्हणाली, "धुवायचे नाहीत? शी!" पुढे मी नुसतीच पळी फिरवली, फिरवली, फिरवली, शेवटी ती थांबवीपर्यंत फिरवली. ती म्हणाली, "कळलं. आता बाजूला व्हा."

कांदा म्हटल्यावर सोवळ्याची चूल बाद. परसात तीन दगड मांडले. तांदूळ कुठला, म्हणाल, तर तुम्ही अमझेऱ्याकडचा जो नवा जाड तांदूळ दिवाळीला पाठवलात, तोच. जुना तांदूळ पाहुण्यासाठी असतो, दाणा न् दाणा मोकळा होतो. पण या भाताला मोकळेपणा नको आहे, त्याला गळामिठी हवी आहे. लोण्यावर कांदा, कांद्यावर न धुतलेले तांदूळ, ते चकचकीत होईतो परतले. जोशाने इथे एक बाटली ओतण्याची खूण केली होती आणि डोळा मारला होता. ती बाटली आमच्या परसात येणे अशक्य, म्हणून चक्का बांधल्यावर खाली गळते ते आंबट पाणी ओतले. मग दुसऱ्या चुलीवर गाजर, मुळा, कोथिंबिरीच्या काड्या यांचे उकळते पाणी, ते एक एक पळी घालायचे, आटले की दुसरी, आटली की तिसरी, आणि मध्ये हात थांबवायचा नाही. शेवटच्या पळीत उरलेले केशर. आपल्याकडे भाताला एकदा आधण घातले की झाकण ठेवून माणूस मोकळा होतो. हा भात सोडतच नाही, तान्ह्या मुलासारखा सारखा जवळ घ्यावा लागतो. शेजारच्या इंदिराबाईंनी भिंतीवरून डोके काढले. "काय गं सुमंगले, खळ करतेस का?" सौ. म्हणाली, "हो. लोकांची तोंडं चिकटवायला." (त्या वेळी पळी तिच्या हातात होती खरी, पण क्षणभरच, माझ्या डोळ्यांत धूर गेला होता.) इंदिराबाईंचे डोके खाली गेले आणि पाऊण घटकेत आळीभर झाले की पंतांच्या घरी गोऱ्यासाठी कांद्याची खळ चालली आहे.

पातेले उपरण्याखाली झाकून, तांब्यात उरलेले गरम पाणी आणि द्रोणात लोणी घेऊन मी मेहमानखान्यात शिरलो. दारात भैयासाहेब. "पंत, काय आहे त्यात?" साडूबुवा, खरे बोलायला माझी हरकत नव्हती, पण भात निवत होता. मी म्हटले, "पोटीस." त्यांनी झाकण उचलून पाहिले. पिवळे, दाट, वाफाळलेले. त्यांना पटले. "अस्सं. छातीवर लावायचंय?" मी म्हटले, "डॉक्टरांनी काहीही चालेल म्हटलंय." हे खोटे नव्हते. परंतु पोटीस नीट लावतात की नाही हे पाहायला ते माझ्या मागोमाग आत आले.

जोशाने ताटलीत भात घेतला आणि ताटली तिरपी केली. भात हलला नाही. त्याने भुवया चढवल्या, मला म्हणाला, "नी, भिया." (मरायला टेकलेला माणूस, पण चिकित्सा बघा!) मी तिथेच तांब्यातले पाणी घातले, लोणी घातले, ढवळले. त्याने पुन्हा ताटली तिरपी केली. आता भात हळूच, तळ्यात लाट सरकावी तसा, या काठावरून त्या काठाला गेला. जोशी हसला. महिन्यात पहिल्यांदा हसला. मग त्याने पेटी ओढली, तीत फरशांचे नमुने होते, त्यांतून एक पिवळट धोंडा उचलला, जो आम्ही सगळ्यांनी इतके दिवस नमुनाच समजत होतो, आणि संगमरवर घासायच्या एका स्वच्छ कानशीवर तो भाताच्या वर खसाखसा किसू लागला. ते त्यांच्याकडचे दुधाचे काही तरी कडक मुरवलेले असते, हे नंतर कळले. त्या क्षणी भैयासाहेबांना दिसले ते असे : युरोपियन मनुष्य पोटिसावर दगड किसून ते चमच्याने खातो आहे.

"पंत! तो पोटीस खातोय!"

मी म्हटले, "भैयासाहेब, हे पोटीसच आहे. फक्त आतून लावायचे असते."

ते डॉक्टरांना आणायला पळाले. डॉक्टर आले तेव्हा ताटली रिकामी होती आणि जोशी भिंतीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, घोरत होता. डॉक्टरांनी नाडी धरली, पातेल्यात डोकावले, आणि भैयासाहेबांच्या देखत मला म्हणाले, "हेच पोटीस दोन वेळा लावा."

असे दोन वेळा लावत गेलो. आठवडाभरात तो चालू लागला, पंधरवड्यात फरशीच्या कामावर गेला. आणि मी कामावरून गेलो. भैयासाहेबांचे म्हणणे, मी हुकूम मोडला तो मोडला, वर त्यांची थट्टा केली. तेव्हा सगळ्या मंडळींसमोर वाचून दाखवता येईल असा माफीनामा लिहून द्यावा, नाही तर पुन्हा उंबरा चढू नये. मी निरोप पाठवला की उंबरा तुमचा, पाय माझे. माफी कशाची मागू? माणूस जगला याची? आळीतल्या मंडळींनी प्रायश्चित्ताचा सूर लावला आहे, त्यांनाही सांगितले की कांदा परसात शिजला, जोशी ओट्यावर जेवतो, त्याची ताटली वेगळी आहे, आणि ताटली वेगळी नसती तरी मी जेवू घातला असता. तो रोज दुपारी येतो, ओट्यावर मांडी घालतो, ताटली तिरपी करून लाट पाहतो आणि खातो. येणाऱ्याजाणाऱ्याला "कई हाल हे?" विचारतो. लोक मान वळवतात. वळवू देत. मी त्याच्या शेजारी पाट टाकून बसतो आणि माझा साधा वरणभात मुद्दाम सावकाश जेवतो. इतकी वर्षे मी पाहुण्यांची उठबस केली, पण पाहुणा म्हणजे काय ते आता कळले. मी माफी मागणार नाही. तुम्ही मोठे आहात, समजुतीच्या चार गोष्टी लिहाल, लिहू नये. दुर्गाताईंनी आग्रह केला तरी लिहू नये. माझा निश्चय त्या संगमरवरासारखा आहे आणि त्याला आता पॉलिशही झाले आहे.

वडिलांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्राने पातळ होऊ नये.

आपला,
चिंतामणी

ता. क. खोकल्याला ज्येष्ठमधाबरोबर खडीसाखर धरावी. नुसते ज्येष्ठमध कोरडे पडते.

दुसरा ता. क. निश्चय वर लिहिला आहे तसाच आहे. मात्र तुम्ही दरबारी कागद लिहिण्यात मुरलेले, तेव्हा गंमत म्हणून, केवळ भाषा कशी असते ते पाहावे म्हणून, माफीनाम्याचा एक मसुदा करून उलट टपाली पाठवावा. फार वाकलेला नको, पण वाकलेला दिसावा. 'थट्टा' या शब्दाऐवजी 'गैरसमज' घालता आला तर पाहावे. सही करायची जागा मोकळी सोडावी. सौ.ला यातले काही माहीत नाही, तरी दुर्गाताईंजवळ बोलू नये.

तिसरा ता. क. भाऊजींना सुमंगलेचा नमस्कार. पाकीट डकवायला माझ्याकडे दिले आहे आणि स्वारी पोस्टाच्या वेळेची चौकशी करायला गेली आहे. मला मोडी येत नाही, पण हे पत्र बाळबोधीत आहे, म्हणून सगळे वाचले. मसुदा पाठवू नये. पाठवलात तर तो त्या तीन दगडांत जाईल. भात मी केला. केशरीभाताची कल्पना तेवढी स्वारीची. दुसऱ्या दिवशी धूर लागतो म्हणून भात होईपर्यंत विहिरीपाशी उभे राहणे झाले, तेव्हा माफी मागायचीच तर माझ्या सहीने मागावी लागेल, आणि मी ती करणार नाही. पण भैयासाहेबांच्या दारात ते पातेले घेऊन उभे राहिले ते तेच, आणि बोलले तेही तेच. इतक्या वर्षांत मी त्यांना असे पाहिले नव्हते. आता कागदावर वाकलेले मला बघायचे नाहीत. तसे वाकायची गरजही उरलेली नाही. परवा भैयासाहेबांची दाढ काढली, त्यांना काही चावत नाही, आणि त्यांच्या मंडळींनी कुणाला कळू न देता मागच्या दाराने वाटी पाठवली, काय आहे ते सांगू नका म्हणाल्या. मी भरून दिली. आज सकाळी वाटी परत आली. धुतलेली नव्हती, तरी लख्ख होती, आणि तिच्याबरोबर याहून मोठी दुसरी वाटी होती.